दाण्यात काय उतरतं

जुलैत चार-पाच दिवस झड लागते आणि मग एका सकाळी ऊन पडतं. त्या उन्हात मराठवाड्यातल्या काळ्या रानात एक दृश्य हमखास दिसतं. गुडघ्याला यायच्या आतलं सोयाबीन शेंड्याकडून पिवळं पडू लागलेलं असतं. पानाच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि आठवडाभर तसंच राहिलं तर पांढुरकी. माझ्या मामांच्या शेतात मी हे अनेक पावसाळे पाहिलंय. बांधावर उभे राहून मामा दरवेळी एकच विचारतात, “युरिया फेकू का?”

प्रश्न चुकीचा नाही. नत्र कमी पडलं तरी पीक पिवळंच पडतं. फरक असतो तो कुठल्या पानापासून पिवळं पडतं यात. नत्र झाडाच्या अंगात फिरतं. ते अपुरं पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं फिरत नाही. जुन्या पानात बसलं ते बसलं. मुळांनी नवं लोह दिलं नाही, तर उपाशी राहतो तो शेंडा. शेंडा पिवळा असेल तर युरियाची पिशवी सोडू नये, एवढं जरी गावोगाव पोचलं तरी दर पावसाळ्यात बराच पैसा वाचेल.

ऊस करणारे याला ‘केवडा पडला’ म्हणतात. पान खरंच केवड्याच्या कणसासारखं फिकट पिवळं दिसतं. बाजरीत मात्र केवडा म्हटलं की गोसावी रोग समजायचा. शब्द एक आणि दुखणी दोन, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात नुसतं “केवडा पडलाय” म्हणून औषध मागितलं तर भलतीच बाटली हातात पडू शकते.

खरी गंमत मातीत आहे. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. पिकाला लागणारं लोह त्या मानाने चिमूटभर. तरीही पीक लोहावाचून पिवळं पडतं. कणगी भरलेली असावी आणि तिला कुलूप असावं, तशातली गत. कुलूप आहे चुनखडीचं. सामू आठच्या वर गेला की लोह मातीत घट्ट बसतं, पाण्यात उतरत नाही. सोयाबीन आणि भुईमुगाची मुळं यावर स्वतःच तोडगा काढतात. ती आम्ल सोडतात, मुळाशेजारची माती तेवढ्यापुरती आंबट करतात आणि लोह सोडवून घेतात. पण रान पाण्याने गच्च भरलं की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडू शकत नाही. चुनखडीच्या संगतीने त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते मुळांनी सोडलेलं आम्ल मारून टाकतं. त्यातच पोकळ्यांमधली हवा गेलेली असते, म्हणजे मुळांचा श्वास कोंडलेला. अन्नद्रव्य ओढून घ्यायला ताकद लागते आणि ती श्वासातूनच येते.

शेतकऱ्याच्या भाषेत एका वाक्यात सांगायचं तर, वाफसा मोडला.

मराठी शेतीतल्या शब्दांत मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. पिकाच्या पोषणावर गेली दीडशे वर्षं झालेलं बहुतेक संशोधन घटकांच्या यादीभोवती फिरत आलं. नत्र, स्फुरद, पालाश, मग गंधक, जस्त, लोह, बोरॉन, आणि १९८७ मध्ये यादीत आलेलं निकेल. कुठला घटक किती हवा, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. हवामान बदलू लागलं तसा प्रश्न सरकला. घटक मातीत असूनही मुळापर्यंत का पोचत नाही, मुळात शिरूनही दाण्यात का उतरत नाही, हे आता विचारावं लागतं. आणि या प्रश्नाचं पहिलं दार वाफसा हेच आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. या आकड्याकडे आपण पुराच्या बातमीच्या नजरेने पाहतो. मला तो मामांच्या रानातल्या वाफशाचा आकडा वाटतो. पाऊस एकूण तेवढाच पडला तरी चार दिवसांत कोसळला, तर पिकाला उपासमार घडवून जातो.

म्हणून रुंद वरंबा-सरीचं महत्त्व. काळ्या जमिनीसाठी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली. आता आपल्याकडे बीबीएफ यंत्राने पेरणी होते ती हीच. पीक उंच वरंब्यावर, पाणी सरीतून बाहेर. लोक तिला पाणी वाचवण्याचं तंत्र म्हणतात. माझ्या मते ती खताइतकीच पोषणाची गोष्ट आहे, कारण मुळाला हवा मिळाली की कुलूप बरंचसं आपोआप सुटतं. नाहीच सुटलं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. तो पानांवर फवारायचा. चुनखडीच्या जमिनीत नुसता टाकला तर तोही कुलपात जाऊन बसतो, म्हणून जाणते शेतकरी तो शेणखतात मुरवून देतात.

इथे चीनमधलं एक काम आठवतं. चुनखडीच्या जमिनीत एकटा भुईमूग पिवळा पडतो आणि मक्याच्या ओळीशेजारचा हिरवा राहतो, असं तिथल्या संशोधकांना दिसलं. गवतवर्गातली पिकं लोह मिळवायला आम्लावर विसंबत नाहीत. लोहाला धरून आणणारे रेणू ती मुळांतून मातीत सोडतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७०च्या दशकात ते ओळखले होते. मक्याने सोडलेल्या या रेणूंचा लाभ शेजारच्या भुईमुगालाही होतो. आंतरपिकाचं शहाणपण आपल्याकडे जुनंच. त्यातला एक धागा असा मुळाशी जाऊन सापडतो तेव्हा मला फार आनंद होतो.

आता मामांचा युरिया. पंचेचाळीस किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, खरा खर्च कितीतरी जास्त, बाकीचं अनुदान. त्यात ४६ टक्के नत्र. रान गच्च असताना तो टाकला तर काय होतं? जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पाण्याखाली प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हवा तापवायला हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी आहे. हवामान बदलल्यामुळे पाऊस कोसळतो, पावसामुळे खत उडतं, उडालेलं खत हवा आणखी तापवतं. पीक पिवळं ते पिवळंच.

या फेऱ्यातून वाट काढणारी एक गोष्ट ज्वारीच्या मुळांत सापडली आहे. ज्वारीच्या मुळांवर तेलकट थेंब सुटतात, त्यात सॉर्गोलिऑन नावाचं द्रव्य असतं. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ते आवर घालतं. नत्र अमोनियम रूपात राहिलं की मातीच्या कणांना चिकटून राहतं, वाहून जात नाही आणि सहज उडतही नाही. जपानच्या जिरकास या संस्थेतले गुंटूर सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं याच विषयाला चिकटून आहेत. गव्हात हा गुण फारसा नाही, म्हणून त्यांनी मेक्सिकोतल्या सिमीट या संस्थेबरोबर एका रानटी गवताच्या गुणसूत्राचा तुकडा संकरातून गव्हात आणला. तसा गहू कमी नत्रातही उत्पादन टिकवतो, हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्वारीच्या वाणांमध्ये हा गुण कमी-जास्त असतो. आपल्या परंपरागत रब्बी ज्वारीच्या वाणांकडे या नजरेने पाहणं मला तातडीचं वाटतं, कारण तिचं रान आक्रसत चाललं आहे.

अतिवृष्टीची दुसरी बाजू खंड. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. खंड पडला की आपण पिकाच्या तहानेबद्दल बोलतो. भुकेबद्दल कोणी बोलत नाही. नायट्रेट पाण्याच्या ओढीबरोबर मुळाकडे वाहत येतं. स्फुरद आणि जस्त तसे येत नाहीत. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यातून ते मुंगीच्या पावलांनी सरकत मुळाशी पोचतात. ओल उडाली की पापुद्रा तुटतो, वाट लांबते, आणि मुळापासून थोड्याच अंतरावरचं जस्तही परक्या गावासारखं दूर होतं. देशभरातून तपासलेल्या दोन लाखांहून अधिक मातीच्या नमुन्यांपैकी ३६.५ टक्के नमुन्यांत जस्त आधीच अपुरं आढळलं. अशा जमिनीत खंड पडला तर दुष्काळात तेरावा. वर डीएपीचा मारा भरमसाट असेल तर स्फुरदाचा अतिरेक जस्ताची वाट आणखी अडवतो.

जस्ताच्या कथेत एक मराठी नाव ठळक आहे. १९६०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडून शेतंच्या शेतं खुरटू लागली. लोक त्याला खैरा म्हणत. रोग म्हटल्यावर जंतूचा शोध सुरू झाला. पंतनगरला काम करणारे यशवंत लक्ष्मण नेने हे स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ, विषाणूंचे अभ्यासक. त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की इथे जंतू नाहीच, भाताला जस्त मिळत नाही. शेतातल्या भातात जस्ताची कमतरता ओळखली गेल्याची ही जगातली पहिली नोंद. झिंक सल्फेट आणि चुना एकत्र करून फवारला की भात उभा राहिला. आपल्या विद्येच्या चौकटीबाहेर उत्तर आहे हे कबूल करण्याची ही दानत मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.

इथवरचं सगळं मातीतलं. आता हवेतलं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर नियमित मोजायला सुरुवात झाली, तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होता. आता तो ४२०च्या पुढे गेला आहे. वनस्पतींचं तर हे अन्नच, मग ते वाढलं तर पिकं जोमदार होतील, असा एक समज दीर्घकाळ होता. अर्धा खराही होता. उरलेल्या अर्ध्याकडे इराक्ली लोलाद्झे या गणितज्ञाचं लक्ष गेलं. तो विद्यार्थी असताना त्याच्या विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांना प्रयोगात एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. पाण्यातल्या शेवाळावर जास्त प्रकाश सोडला, शेवाळ भराभर वाढलं, आणि ते खाणारे सूक्ष्म जीव मात्र उपाशी मरू लागले. शेवाळ वाढलं होतं, त्यातलं स्फुरद विरळ झालं होतं. लोलाद्झेच्या मनात आलं, हवेत कार्बन वाढतोय, मग आपल्या ताटातही हेच होत असेल का? २०१४ मध्ये त्याने जगभरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. सुमारे १३० वनस्पती आणि वाणांत खनिजांचं प्रमाण सरासरी ८ टक्क्यांनी घसरत होतं.

त्याच वर्षी सॅम्युअल मायर्स आणि सहकाऱ्यांनी उघड्या शेतातले प्रयोग मांडले. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत उभ्या पिकाभोवती नळ्यांचं मोठं कडं टाकलेलं असतं. वारा कुठून येतोय हे पाहून त्या बाजूच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि कड्याच्या आत उद्याची हवा तयार होते. माती तीच, ऊन-पाऊस तेच, वर आभाळ मोकळं. दहा लाख भागांत ५५०च्या आसपास कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिनं ६.३ टक्के कमी भरली. भातात प्रथिनं ७.८ टक्के घटली. सोयाबीनमध्ये प्रथिनं फारशी हलली नाहीत, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून देतात. जस्त आणि लोह मात्र तिथेही घसरलं. पुढे २०१८ मध्ये चीन आणि जपानमधल्या अशाच कड्यांतून भाताच्या १८ वाणांचा अभ्यास आला. त्यात ब गटातली जीवनसत्त्वंही कमी झालेली दिसली, फॉलेट तर ३० टक्क्यांनी. गरोदर बाईला ज्या फॉलेटच्या गोळ्या द्याव्या लागतात, तेच हे.

हे का होतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद सरलेला नाही. एक म्हणणं, साखर-पिष्ट जास्त तयार होतं आणि बाकीचं त्यात पातळ होतं, पाणी वाढवलेल्या आमटीसारखं. दुसरं, हवेत कार्बन मुबलक असला की पर्णरंध्रं कमी उघडतात, पानांतून कमी पाणी उडतं, मग मुळांकडून येणारी ओढही मंदावते आणि पाण्याबरोबर येणारी द्रव्यं कमी येतात. कॅलिफोर्नियातले अर्नोल्ड ब्लूम तिसरं सांगतात, की अशा हवेत पानांना नायट्रेटपासून प्रथिनं करणंच जड जातं. मला यातलं एकच खरं असेल असं वाटत नाही. एकेका घटकाची घट वेगळ्या प्रमाणात होते, ती नुसत्या पाण्याच्या हिशेबात बसत नाही.

पाच-सात टक्के म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. ज्याच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडं आहे त्याला ते जाणवणारही नाही. ज्याच्या ताटात बहुतेक भात किंवा पोळीच आहे, त्याची झोळी आधीच फाटकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के. हवेतला कार्बन ५५०वर गेला तर एकट्या भारतात सुमारे पाच कोटी माणसं नव्याने जस्ताच्या कमतरतेत जातील, असा स्मिथ आणि मायर्स यांचा २०१८चा अंदाज आहे.

पण सगळं खापर हवेवर फोडणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं एक शेत आहे. १८४३ पासून तिथे गहू पेरतात आणि प्रत्येक काळातल्या दाण्यांचे नमुने बंद करून जपून ठेवतात. संशोधकांनी ते जुने नमुने उघडून तपासले. १८४५ पासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं जस्त, लोह, तांबं, मॅग्नेशियम स्थिर होतं. त्यानंतर ते घसरत गेलं. मातीत घट नव्हती. बदलला होता वाण, बुटका आणि भरघोस पिकणारा. पश्चिम बंगालच्या विधानचंद्र कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आपल्याकडचं असंच चित्र मांडलं. १९६०च्या दशकातल्या भाताच्या वाणांत किलोला २७.१ मिलिग्रॅम जस्त होतं, २०००च्या दशकातल्या वाणांत २०.६. या वाणांनी देशाला उपासमारीतून वाचवलं, त्यांना दोष देणं कृतघ्नपणा होईल. चुकलं ते इतकंच की वाण निवडताना आपण क्विंटल मोजले आणि दाण्याच्या आत पाहिलंच नाही. आता त्याच वाणांवर हवेचा दुसरा घाव येतो आहे.

ज्वारी, बाजरी आणि मका या बाबतीत वेगळ्या. त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आत ओढून साठवण्याची स्वतःची सोय असते, बाहेरच्या हवेत तो वाढला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. नळ्यांच्या कड्यात ज्वारीच्या दाण्याची घसरण गहू-भातापेक्षा पुष्कळ कमी निघाली. माझी आजी भाकरीवर वाढली आणि आम्हाला रेशनच्या गव्हाची पोळी मिळू लागली तेव्हा घरात सुबत्ता आल्यासारखं वाटलं होतं, हे आठवून आता कसंसंच होतं.

अर्थात भाकरी म्हणजे लोह असं सरसकट नाही. संकरित बाजरीतही उत्पादनाच्या मागे लागताना लोह कमी झालेलं होतं, आणि धान्यातलं फायटेट हे द्रव्य शरीराला लोह सहज घेऊ देत नाही. त्यावर धुळ्याच्या बाजरी संशोधन केंद्राने इक्रिसॅटबरोबर जे काम केलं, ते मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात आश्वासक वाटतं. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या बाजरीतून इक्रिसॅटने काढलेला एक वाण १९८८ पासून महाराष्ट्रात पेरला जात होता. त्याच्यातूनच जास्त लोहाची ताटं निवडत ‘धनशक्ती’ तयार झाली आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्या दाण्यात किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह. पुढे परभणीच्या विद्यापीठाने ज्वारीत ‘परभणी शक्ती’ दिली.

अशा बाजरीने खरंच काही होतं का, हेही आपल्याच राज्यात तपासलं गेलं. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी दिली, काहींना लोहयुक्त वाणाची, काहींना नेहमीची. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांच्यापैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता इतरांच्या १.६४ पट निघाली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी नाही, टॉनिक नाही. रोजच्या तव्यावरची भाकरी.

आणि २०१८ मध्ये एक निर्णय झाला, ज्याची मराठी वर्तमानपत्रांत मला कुठे मोठी बातमी आढळली नाही. देशपातळीवर चाचणीला येणाऱ्या बाजरीच्या वाणात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे, अशी अट घातली गेली. वाण उत्पादनात कितीही सरस असो, दाणा पोकळ असेल तर तो पुढे जात नाही. गहू, भात, सोयाबीन, हरभरा यांनाही अशीच अट लागावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांची परीक्षा आजच्या हवेत न होता नळ्यांच्या कड्यातल्या उद्याच्या हवेत व्हावी. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आणि हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संस्थेत वाढीव कार्बनच्या हवेत पिकं वाढवून पाहण्याच्या सोयी आहेत. बारामतीजवळ माळेगावला मुरमाड माळावर २००९ मध्ये उभी राहिलेली अजैविक ताण व्यवस्थापन संस्था तर दुष्काळ, उष्णता, पाणथळपणा यांच्याचसाठी आहे. काम करणारी माणसं आहेत. त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न अजून एकरी उताऱ्याचाच असतो.

ऑक्टोबरात मामांबरोबर आडतीवर गेलो होतो. व्यापाऱ्याने मूठभर सोयाबीन यंत्रात टाकलं आणि मिनिटभरात हवा सांगितली. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. त्यावर भाव ठरला. मग माती किती, डागी किती, त्याची कपात. सगळं रोखठोक. मी मामांना सांगितलं, दाण्यातलं लोह आणि जस्त मोजणारंही यंत्र असतं, इक्रिसॅटमध्ये बाजरीसाठी तेच वापरतात. क्ष-किरणांवर चालतं, दोन-चार मिनिटांत आकडा येतो. मामांनी विचारलं, “दाणे दळावे लागतात का त्यात?”

नाही. अख्खे दाणे छोट्या वाटीत ठेवतात, वरून किरण सोडतात आणि मोजून झाले की परत पाकिटात भरतात. आकडा चांगला आला, तर तेच दाणे मृगात पेरायला जातात.